त्रिज्या पंचवीस

तालनेसच्या शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या एव्हर्ट सांडेलिन मास्तरांना अपूर्णांक येत नव्हते. लोणी, दूध, केक यांच्यातलं पाव, अर्धा, पाऊण कळायचं. पण वर एक आकडा, खाली एक आकडा आणि मध्ये आडवी रेघ दिसली, की मास्तरांच्या कानात गुणगुण सुरू व्हायची आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक मास्तर स्वतः आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी गुद्रुनबाई. गुद्रुनबाई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. तरीही इतकी वर्षं ही एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती. लग्नात दिलेली वचनं म्हणजे शेवटी अशीच कुठेतरी पाळली जातात.

मास्तरांच्या लहानपणी शाळेत एक जुन्या वळणाचे गुरुजी होते. गणित चुकलं की ते मुलाला शेगडीशेजारी भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. स्मोलांड प्रांतातल्या थंडीत शेगडीशेजारची जागा ही खरं तर चैन, पण एव्हर्टला ती शिक्षा म्हणून मिळायची. भिंतीच्या फळ्यांमधल्या गाठी, रेषा, कुठे फळी तडकलीय, कुठे कोणी आळस करून खिळा वाकवलाय, हे सगळं त्याला पाठ झालं. फळ्यावरचं एकही गणित पाठ झालं नाही. शाळा सुटल्यावर तो गावातल्या फर्निचरच्या कारखान्यात गेला आणि तिथे मात्र त्याचं सोनं झालं. खुर्चीचा पाय मोजायला त्याने कधी आकडा वापरला नाही. एक लांब, पातळ पट्टी घ्यायची, तिच्यावर पटाशीने खुणा करायच्या आणि खुणेला खूण जुळवायची. पट्टी कधी खोटं बोलत नाही, आणि तिला आडवी रेघही नसते.

पुढे सुतारकामाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या लेखी परीक्षेत मास्तर कसे निभावले, हे त्यांनी गुद्रुनबाईंनाही धड सांगितलं नाही. "शेजारी एक भला माणूस बसला होता," एवढंच. मग तालनेसच्या शाळेत नोकरी लागली आणि त्यांनी वर्गाच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक पाटी लावली: 'मोजू नका, लावून बघा.'

ही पाटी म्हणजे आपली झाकली मूठ होती, हे मास्तरांना ठाऊक होतं. बाहेरून येणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. येणारा प्रत्येक पाहुणा पाटीपाशी थबकायचा, मान डोलवायचा आणि "वा! किती खोल विचार आहे!" म्हणायचा. एकाने तर आपल्या भाषणात तिला 'सांडेलिन पद्धत' असं नाव दिलं. मास्तर त्या दिवशी घरी आले ते पडेल चेहऱ्याने.

"काय झालं?" गुद्रुनबाईंनी विचारलं.

"माझ्या नावाची पद्धत निघालीय."

"मग रडतोस कशाला? माझ्या नावाचं साधं सूपसुद्धा निघालं नाही."

तशी वीसेक वर्षं बरी गेली. मग सत्तर साल उजाडलं आणि वरून नवा अभ्यासक्रम आला. त्याबरोबर तीन गोष्टी एकदमच शाळेत घुसल्या. पहिली म्हणजे, आता मुलीही सुतारकाम शिकणार आणि मुलगे शिवणकाम. दुसरी, मुलं मास्तरांना मास्तर म्हणणार नाहीत. देशभर सगळे एकमेकांना अरे-तुरे करू लागले होते, मग शाळेने काय घोडं मारलंय? काल-परवापर्यंत "मास्तर, तुम्ही जरा बघता का?" म्हणणारी पोरं एका सोमवारी "ए एव्हर्ट, इकडे ये ना!" म्हणू लागली. मास्तरांनी पहिले काही दिवस मागे वळून पाहिलं, की आपल्या मागे एव्हर्ट नावाचं कुणी पोरगं उभं आहे की काय.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे सगळे विषय एकमेकांत मिसळायचे.

मुख्याध्यापिका सिव्ह टोर्नेलबाई उत्साही होत्या. उत्साह हा गुण आहे असं सगळे म्हणतात. ज्यांच्या वाट्याला तो दुसऱ्याचा येतो ते म्हणत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत कॉफी आणि दालचिनीचे गोड पाव मांडून बाईंनी सभा घेतली.

"लाकूड म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एव्हर्ट मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पाव गिळला. "लाकूड म्हणजे... लाकूड," ते म्हणाले.

"चूक!" बाई आनंदाने म्हणाल्या. "लाकूड म्हणजे भूगोल! झाड कुठे वाढतं? लाकूड म्हणजे इतिहास! जहाजं कशाची बांधली? लाकूड म्हणजे जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, भाषा, संगीत! आणि सगळ्यात आधी, लाकूड म्हणजे गणित! होय की नाही, एव्हर्ट? तुझी तर पद्धतच आहे."

मास्तरांच्या कानात गुणगुण सुरू झाली.

ठरलं असं, की सहावीच्या वर्गाने पक्ष्यांसाठी लाकडी पेट्यांची घरटी करायची. शाळेच्या आवारात बर्चची झाडं ओळीने उभी होती. वसंतात दक्षिणेकडून ठिपक्यांच्या मैना परततात तेव्हा त्यांना राहायला जागा होईल. आणि या एका पेटीभोवती सगळे विषय फिरतील. भूगोलात मैनेच्या प्रवासाचा नकाशा, संगीतात मैनेचं गाणं, भाषेत 'मी मैना बोलते' असा निबंध, इतिहासात पूर्वजांची घरटी. पेटीचा आराखडा गणिताचा शिक्षक काढून देणार होता.

गणिताचा शिक्षक रूबेन क्विस्ट हा विद्यापीठातून नुकताच आलेला, दाढी ठेवणारा, मनाने सरळ तरुण. वर्गात तेव्हा वर्तुळ चालू होतं, म्हणून त्याने आराखड्यात हौसेने वर्तुळाची भाषा वापरली. पेटीची उंची, रुंदी, छपराचा उतार, सगळं नीट आखलेलं, आणि समोरच्या फळीवर एक सुबक गोल. गोलाशेजारी लिहिलं होतं: r = 25.

मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला. संध्याकाळी घरी उकडलेले बटाटे आणि खारवलेला मासा समोर आला तेव्हा त्यांनी तो टेबलावर उलगडला.

"हे बघ गं. हे 'र' काय आहे?"

गुद्रुनबाईंनी हात पुसले, चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. "रुंद," त्या म्हणाल्या.

त्यांच्या भाषेत रुंद म्हणजे गोल. आणि समोर गोलच काढलेला होता. शंकेला जागाच नव्हती.

"रुंद पंचवीस," मास्तर म्हणाले. "म्हणजे गोल भोक, पंचवीसचं. मग सरळ गोल असं लिहायला यांना काय होतं?"

"शिकलेली माणसं पहिलंच अक्षर लिहितात. बाकीची तुझ्यासारख्यांनी ओळखायची. बटाटे खा."

मास्तर बटाटे खायला लागले, पण मनात काहीतरी टोचत राहिलं. मैना त्यांनी काही कमी पाहिल्या नव्हत्या. चांगला मूठभर पक्षी तो. पंचवीस मिलिमीटरच्या भोकातून जायचं तर तिला अंगातलं जाकीट काढून ठेवावं लागेल. डोळे सांगत होते, लहान आहे. पण कागद गणितवाल्याचा होता. शेगडीशेजारच्या भिंतीपाशी उभं राहून मास्तर एक गोष्ट मात्र पक्की शिकले होते: कागद आणि आपण यांच्यात भांडण झालं, तर चूक आपली असते.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाइनच्या फळ्या आल्या. खरं तर फार कमी आल्या, आणि फार कमी वेळ. कारण सुतारकामाच्या तासाला आता आधी पंधरा मिनिटं मैनेचा नकाशा पाहायचा असे, मग झाडाच्या वयावर चर्चा, मग करवतीच्या उगमाची माहिती. उरलेल्या वेळात प्रत्यक्ष करवत. हातात रंधा धरून उभी राहिलेली पोरं वैतागून जायची. पण शिकंज्यात फळी घट्ट आवळली, रंध्याखालून पहिली साल भेंडोळं होऊन निघाली आणि राळेचा वास सुटला, की सगळे गप्प व्हायचे. तेवढा वेळ मास्तरांना आपण शिक्षक आहोत असं वाटे.

भोकं पाडायची पाळी आली तेव्हा मास्तरांनी पंचवीसचं पातं लावून गिरमिट मुलांच्या हातात दिलं. पहिलं भोक इर्साने पाडलं. इर्सा ही त्या वर्षी सुतारकामाला आलेल्या मुलींपैकी एक. तिच्या वडिलांची मासे विकायची गाडी होती आणि बोलण्यात ती वडिलांच्या वर होती. भोक पडल्यावर तिने त्यात दोन बोटं घालून पाहिली.

"एव्हर्ट, यातून मैना कशी जाणार?"

"कागदावर तसंच आहे."

"मैनेने वाचलाय का कागद?"

वर्ग खिदळला. मास्तरांचा चेहरा लाल झाला. "झाडू घे आणि भुसा गोळा कर," ते म्हणाले. त्यांनी असं कुणाला कधी म्हटलं नव्हतं. इर्साने मुकाट्याने झाडू घेतला, पण जाता जाता म्हणाली, "तुझ्याच पाटीवर लिहिलंय, लावून बघा म्हणून."

तो दिवस मास्तरांना वाईट गेला. पण त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे 'र' म्हणजे काय हे विचारायचं. आणि ज्याच्या नावाची पद्धत आहे त्याने ते कसं विचारावं?

मार्चमध्ये पेट्या बर्चवर चढल्या. सिव्हबाईंनी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाला अहवाल पाठवला. त्यात त्यांनी लिहिलं, की मुलांनी बांधलेल्या घरट्यांत मैना सुखाने नांदत आहेत. मैना तेव्हा अजून समुद्रापलीकडे होत्या. पण अहवाल वेळेवर पाठवायचा तर पक्ष्यांची वाट पाहून चालत नाही.

मग मैना आल्या. सगळा वर्ग खिडक्यांना चिकटला. एक तकतकीत नर पहिल्या पेटीवर उतरला, त्याने भोकात चोच घातली, डोकं घालायला गेला, ते अडकलं, ते त्याने उपसून काढलं आणि पेटीकडे असं पाहिलं, की जणू त्याची कुणीतरी थट्टा केली आहे. दुसऱ्या पेटीवर तेच. तिसऱ्यावर तेच. अर्ध्या तासात सगळा थवा चर्चच्या मनोऱ्यावर जाऊन बसला आणि तिथून, भोवतालच्या सगळ्या शिट्ट्यांच्या नकला करत, गाऊ लागला. 'मी मैना बोलते' हा निबंध तोवर पुरता तपासून झाला होता.

पेट्या मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. अंगठ्याएवढे, पिवळ्या पोटाचे, निळ्या टोपीचे पक्षी आले. गावात त्यांना निळटोपी म्हणत. त्यांना भोक अगदी मापाने शिवल्यासारखं बसलं. बघता बघता प्रत्येक पेटीत मऊ शेवाळ आणि केस जमू लागले.

"या मैनाच आहेत," सिव्हबाई खिडकीतून म्हणाल्या. "लांबून जरा लहान दिसतात."

"निळ्या आहेत," कुणीतरी म्हणालं.

"उजेड तसा पडलाय."

रूबेन क्विस्ट मात्र त्याच दुपारी सुतारकामाच्या खोलीत आला. दाढी कुरवाळत उभा राहिला.

"एव्हर्ट, भोक किती पाडलंस?"

"पंचवीस. तुझ्या कागदावर आहे तसं."

"पण ती त्रिज्या होती."

रंधा हातात होता, तो त्यांनी बाजूला ठेवला, पुन्हा उचलला.

"r म्हणजे त्रिज्या," रूबेन हळू आवाजात म्हणाला. "मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत. म्हणजे भोक पन्नासचं." आणि मग त्याला मास्तरांच्या चेहऱ्यावरून सगळंच कळलं. तो घाईघाईने म्हणाला, "चूक माझी आहे. मी सरळ आरपार मापच लिहायला हवं होतं. सुतार आरपार मोजतात हे मला कळायला हवं होतं."

कुणी ओरडलं असतं तर मास्तरांनी सोसलं असतं. लहानपणी भरपूर सोसलं होतं. पण हा पोरगा मोठ्या मनाने चूक स्वतःच्या डोक्यावर घेत होता आणि ते मास्तरांना फार लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी गुद्रुनबाईंना सांगितलं, "'र' म्हणजे रुंद नव्हे."

"मग काय?"

"मधून कडेपर्यंत."

"मग तसं लिहायचं!" गुद्रुनबाई म्हणाल्या आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

भोकं मोठी करावीत म्हटलं तर आत अंडी होती. आणि मे महिन्यात जिल्ह्याचे निरीक्षक हेदेनग्रेन साहेब मैना बघायला येणार होते. बाईंनी सगळ्यांना बजावलं: साहेबांना वर्गात नकाशे दाखवायचे, गाणं ऐकवायचं, कॉफी द्यायची, आवारात फार वेळ थांबवायचं नाही.

हेदेनग्रेन साहेब जुन्या पठडीतले, उंच, सोनेरी काडीचा चष्मा लावणारे. कॉफीच्या आधीच ते आवारात गेले. बर्चखाली थांबले. वर एक निळटोपी चोचीत अळी घेऊन भोकात शिरला आणि आतून चिवचिवाटाचा स्फोट झाला.

"या मैना?" साहेबांनी विचारलं.

सिव्हबाईंनी घसा साफ केला. वर्ग बुटांकडे बघू लागला. आणि एव्हर्ट मास्तर, ज्यांनी आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं, एक पाऊल पुढे आले.

"नाही साहेब. मैना नाहीत. मैनेला भोक लहान पडलं. कागदावर त्रिज्या लिहिली होती आणि मला त्रिज्या म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला गणित येत नाही. कधीच आलं नाही."

सिव्हबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांना छातीवरचं एक जुनं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आता काय व्हायचं ते होवो.

तेवढ्यात इर्सा मध्ये पडली. मास्तर एकटे उभे राहिलेले तिला बघवले नसावेत. "त्याचा दोष नाही," ती साहेबांना म्हणाली. "हे बघ, मी दाखवते." तिने बुटाच्या टाचेने मातीत गोल काढला, मधून कडेपर्यंत एक रेघ मारली, मग आरपार दुसरी. "ही पंचवीस धरली की भोक पन्नासचं होतं. ही पंचवीस धरली की हे एवढंसं. मैना अंगाने एवढी, म्हणजे तिला हे हवं. निळटोपी एवढा, त्याला हे चालतं. उलट बरंच आहे त्याच्यासाठी. भोक मोठं असतं तर मैनेने त्याला हाकलून दिलं असतं. आणि मोठ्या भोकात मांजराचा पंजा जातो, यात जात नाही." दुसरा एक मुलगा म्हणाला, की निळटोपी हिवाळ्यात कुठे जातच नाहीत, त्यामुळे नकाशा सगळा फुकट गेला. तिसरी म्हणाली, की तिने नवा निबंध लिहिलाय, 'भोक लहान निघाल्यावर मैना काय म्हणाली', पण त्यात शिव्या आहेत.

हेदेनग्रेन साहेबांचा चष्मा धुरकटला. त्यांनी तो काढून पुसला. मग मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सांडेलिन मास्तर," ते म्हणाले, "तीस वर्षं शाळा तपासतोय मी. जाणूनबुजून चूक करायची, वरून अडाण्याचं सोंग घ्यायचं आणि मुलांना स्वतःहून सत्याकडे जाऊ द्यायचं! अहो, काय तुमचा संयम!"

"सोंग नाही साहेब. खरंच येत नाही."

साहेबांनी एक डोळा मिचकावला. "अर्थात, अर्थात. मुलांसमोर असंच म्हणत राहा."

मास्तरांनी मदतीसाठी रूबेनकडे पाहिलं. रूबेन आकाशाकडे बघत होता. सिव्हबाईंनी डोळे उघडले होते आणि त्यांना आता आठवायला लागलं होतं, की ही कल्पना मुळात त्यांचीच.

अशा रीतीने, आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलल्याबद्दल एव्हर्ट मास्तरांचा उत्तम अभिनेता म्हणून गौरव झाला. घरी गुद्रुनबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. "मी आता शाळेत उभी राहून ओरडले ना, की हा खरंच ढ आहे, तरी म्हणतील बायकोसुद्धा कशी तयार केलीय!"

पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना एक सूचना आली. सुतारकामाच्या प्रत्येक आराखड्यात एक 'नियोजित चूक' असावी; मुलांनी ती शोधावी आणि तीतून सर्व विषय शिकावेत. तालनेसला पुन्हा घरट्यांचाच आराखडा आला. या वेळी भोक पन्नासचं, आरपार, स्पष्ट लिहिलेलं. छपरापाशी मात्र लाल बाण होता: उतार उलटा द्यावा, म्हणजे पाणी आत जाईल. शेजारी कंसात: येथे चूक करावी.

मास्तरांनी मनापासून प्रयत्न केला. सरकारी काम होतं. एक छप्पर त्यांनी उलट्या उतारात कापलं, लावलं, मागे सरून पाहिलं आणि तोंड फिरवलं. जेवणाच्या सुट्टीत डोकं शांत करावं म्हणून ते एकटेच बसले आणि सुट्टी संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हातांनी छप्पर काढून, पुन्हा कापून, नीट बसवूनही टाकलं आहे. मग त्यांनी नाद सोडला. सगळ्या पेट्या बिनचूक झाल्या.

मुलांना हे कसं पटणार? चूक असणार हे त्यांना आधीच कळलं होतं. साऱ्या गावाला कळलं होतं.

"एव्हर्ट, यंदा कुठे लपवलीयस?" पोरं विचारायची.

"कुठेच नाही. नीट केलंय."

"हो का! मागच्या वर्षीही तू असंच म्हणाला होतास."

पोरांनी गुण्या लावला, कोन तपासले, फळ्यांची जाडी पाहिली, एकाने पेटी पाण्यात बुडवली. शेवटी चूक सापडेना म्हणून त्यांनी दोन पेट्या खिळे उपसून मोकळ्या केल्या. आत काही नव्हतं. तेव्हा इर्सा, जी आता सातवीत होती आणि मधल्या सुट्टीत उगाच तिथे घुटमळायची, म्हणाली, "गाढवांनो, ज्या दोन पेट्या चांगल्या होत्या त्या तुम्ही मोडल्यात. हीच चूक."

उरलेल्या पेट्यांत त्या वसंतात मैना आल्या. खच्चून आल्या. गाऊन गाऊन त्यांनी सातवीची परीक्षा नकोशी केली. पण निरीक्षणाला आलेल्या नव्या अधिकाऱ्याने शेरा दिला, की तालनेस येथे यंदा चूक आढळली नाही, सबब शिक्षण झालेले दिसत नाही. सिव्हबाईंना हे लागलं. पण त्या खचणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या सभेत पुन्हा कॉफी आणि दालचिनीचे पाव आले आणि बाईंनी विचारलं, "पॅनकेक म्हणजे काय?"

स्वयंपाकघरातून गुद्रुनबाईंचा आवाज आला, "पॅनकेक म्हणजे गुरुवारचं जेवण! आणि माझ्या पिठात कुणी इतिहास कालवायला आला, तर लाटणं इथेच आहे."

सुतारकामाच्या खोलीवरचा उजेड मग हळूहळू दुसरीकडे सरकला आणि मास्तरांना त्याचं दुःख झालं नाही. तासाला पूर्ण तास मिळू लागला. पोरं स्टूल करायला लागली, ट्रे करायला लागली. मास्तरांनी दारावरची पाटी मात्र काढून टाकली. कुणी कारण विचारलं नाही. पद्धत आता छापील पुस्तिकेत गेली होती, तिला दाराची गरज नव्हती.

त्याच हिवाळ्यात गावच्या वाचनालयात मोठ्यांसाठी गणिताचं अभ्यासमंडळ सुरू झालं. चालवणारा रूबेन क्विस्ट. पहिल्याच संध्याकाळी मागच्या बाकावर एव्हर्ट मास्तर टोपी मांडीवर धरून बसले होते. रूबेनने त्यांच्याकडे पाहिलं आणि फळ्यावर वर एक आकडा, खाली एक आकडा, मध्ये आडवी रेघ काढली. मास्तरांच्या कानात गुणगुण सुरू झाली. पण इथे शेगडी नव्हती, भिंतीकडे तोंड करायला कुणी सांगणार नव्हतं, आणि शेजारी बसलेल्या पोस्टमनलाही काही येत नव्हतं. गुणगुण वसंतापर्यंत बरीच कमी झाली. अपूर्णांकांची बेरीज त्यांना जमली. भागाकार शेवटपर्यंत जमला नाही, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही; दोन तृतीयांशाने भागायची वेळ आयुष्यात येते कुणावर?

गणिताचा वर्ग मंगळवारी असे. गुरुवारी शाळा सुटल्यावर रूबेन सुतारकामाच्या खोलीत येई. त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोसाठी त्याला स्वतःच्या हाताने एक स्टूल करायचं होतं. त्याने आधी सगळं कागदावर काढलं, पायांचे कोन दशांशापर्यंत मांडले. मग करवत हातात घेतली. मास्तर शेजारी उभे राहून बघत, फार तर हात धरून रंध्याची दिशा सांगत. तीन पाय ठीक झाले. चौथा आखूड निघाला. तो सारखा करायला बाकीचे तीन कापले, तर आता दुसराच आखूड. असं करत करत स्टूल खाली खाली येत गेलं.

"गणित बरोबर आहे," रूबेन घाम पुसत म्हणाला. "मी पुन्हा तपासलंय."

"असणारच," मास्तर म्हणाले.

लग्नात ते स्टूल भेटवस्तूंच्या टेबलाखाली सरकवलेलं होतं. पाव फुटाच्या उंचीचं आणि तरीही डुगडुगणारं. नवरीने ते बाहेर काढलं, त्यावर बसून पाहिलं, पुढे-मागे झुलली आणि विचारलं, "हे झुलायचं स्टूल आहे का?"

रूबेनने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर केक खात होते.

"हो," मास्तर म्हणाले. "मुद्दाम केलंय."